जुन्या बेसिनचं वेस्ट कपलिंग निघत नाहीये: नट फिरवायचा की कापायचा?

रेवा_ठाणे
चिनी मातीचं, भिंतीला ब्रॅकेटवर बसवलेलं २२ × १६ इंची बेसिन आहे, ओव्हरफ्लोचं (जास्तीचं पाणी वाहून जायचं) भोक असलेलं. खाली ३२ मिमीचं क्रोम केलेलं पितळी वेस्ट कपलिंग (वर जाळी, खाली नट असलेली, बेसिनचं पाणी खाली नेणारी नळी) आणि बॉटल ट्रॅप (थोडं पाणी धरून गटाराचा वास अडवणारी वाटी). वर जाळीभोवती आणि खाली नटाच्या वर, दोन्हीकडे पांढरं सिमेंट भरलेलं आहे. नटाच्या खालून थेंब थेंब पाणी येतं, म्हणून कपलिंग बदलायचं आहे.

१४ इंची पाईप पाना लावून जोर दिला की दोनपैकी एक होतं: अख्खं बेसिन ब्रॅकेटवर हलतं, नाहीतर नटाबरोबर वरची जाळीही फिरते. डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवलं, फरक नाही. नटाभोवती हिरवट-पांढरे क्षार साचलेत. बेसिनचा रंग आता बाजारात मिळत नाही, त्यामुळे ते फुटता कामा नये. पुढे काय करावं?

पानापक्कड
आधी पाना खाली ठेवा. बेसिन हलतंय याचा अर्थ तुमचा जोर नटापर्यंत पोचतच नाहीये, तो ब्रॅकेट आणि रॅक बोल्टच्या (बेसिन भिंतीला धरणाऱ्या बोल्टच्या) भोकांवर जातोय. बेसिनला तडा बहुतेक तिथूनच जातो, नटापासून नाही.

दोन गोष्टी तपासून सांगा.

एक, दिशा. नट सैल करताना खालून वर बघून घड्याळाच्या उलट फिरवायचा असतो. बेसिनवर वाकून, हात खाली घालून काम केलं तर तीच दिशा वरून घड्याळाच्या काट्यांसारखी दिसते. इथे चुकून नट आणखी आवळला जाणं फार वेळा होतं. मार्करने नटावर बाण काढून ठेवा.

दोन, नटाच्या एका कडेवर कानस दोन-तीनदा फिरवा आणि आतल्या धातूचा रंग बघा. पिवळा आहे की गुलाबीसर?

रेवा_ठाणे
दिशा बरोबर होती. कानस मारल्यावर रंग तांबूस-गुलाबी दिसतोय, आणि भुगा चमकदार नाही, मातकट आहे.

पानापक्कड
मग नट फिरवायचा विचार सोडा.

पितळ गंजत नाही असं आपण म्हणतो, पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की त्यातलं जस्त विरघळून जातं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. आकार तोच, ताकद गेलेली. पान्याचे दात अशा नटात रुततात, कोपरे गोल होतात आणि नट एका बाजूने चिरतो. वरून जाळीच्या फुलीत पेचकस अडकवून कपलिंग धरून ठेवा असं कोणी सांगेल. चांगल्या पितळात तो उपाय चालतो, पण गुलाबी पितळात फुलीच तुटून हातात येते.

डब्ल्यूडी-४० चा उपयोग का झाला नाही तेही यात आलं. पातळ तेल धातू आणि धातूच्या मधल्या फटीत शिरतं. तुमच्याकडे आट्यांमध्ये क्षार आणि सिमेंट घट्ट बसलंय, तेलाला वाटच नाही.

कपलिंग तसंही फेकायचंच आहे, तेव्हा ते कापा. बेसिनला एकही हिसका न बसता काम होतं.

चिनीमाती
अनुमोदन. बेसिनच्या बाजूने थोडं सांगते, कारण नुकसान झालं तर तिथे होणार आहे.

चिनी माती दाब भरपूर सोसते. पीळ, ताण आणि ठोका सोसत नाही. नट सरळ वर आवळला तर ती टिकते, पण लांब दांड्याच्या पान्याने बेसिनला पीळ दिला तर भोकाच्या किंवा बोल्टच्या कडेपासून चीर निघते. म्हणून कापण्याआधी एक परीक्षा करून घ्या. बोटाच्या सांध्याने बेसिनच्या कडेवर चारी बाजूंना टकटक करा. खणखणीत नाद आला तर बेसिन सलग आहे. एखाद्या जागी बद्द आवाज आला तर तिथे आधीच चीर असू शकते. कोरड्या बेसिनवर पातळ शाई फासून लगेच पुसली की चिरेत बारीक रेघ उरते. चीर भोकापर्यंत गेली असेल तर नव्या कपलिंगवर खर्च करण्यात अर्थ नाही.

गॅसची ज्योत किंवा हीट गन भोकाजवळ नेऊ नका. एकाच जागी तापलं की चकाकीखाली बारीक तडे जातात, ते बाहेर दिसायला कधी कधी महिने लागतात.

रेवा_ठाणे
सगळीकडे नाद खणखणीत आहे. आता कापायचं कसं तेवढं टप्प्याटप्प्याने सांगाल का? घरी हॅकसॉची फ्रेम आहे, पण ती नटापाशी शिरत नाही.

पानापक्कड
फ्रेम नको, नुसतं पातं हवं. १२ इंची, इंचाला २४ दात असलेलं. पातळ पितळात १८ दातांचं पातं अडकतं आणि हिसके बसतात. दोन पाती आणा, एक मोडणार असं धरून चाला. धरायच्या टोकाला कापडाची पट्टी गुंडाळून वर इन्सुलेशन टेप मारा.

नळाच्या मुठीवर कापड बांधा, म्हणजे मधेच कोणी पाणी सोडणार नाही. बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवा, ट्रॅपची वाटी हाताने उघडून पाणी काढा आणि मग ट्रॅप कपलिंगपासून सोडवा. ड्रेन साफ करायची पावडर गेल्या दोन-चार दिवसांत टाकली असेल तर गॉगल आणि रबरी हातमोजे घालूनच वाटी उघडा. त्या पावडरीत कॉस्टिक असतं, ते साचलेल्या पाण्यात तसंच राहतं. भिंतीतल्या पाईपच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, पण त्याला सुतळी बांधून दुसरं टोक बाहेर ठेवा. बोळा आत सरकला तर वेगळंच काम निघेल.

आता कापणं. जाळीची फुली पात्याच्या वाटेत येते, म्हणून आधी तिचे चारही हात कापून फुली काढून टाका. मग वरून पातं आत घाला. दात बाहेरच्या बाजूला, म्हणजे पितळेच्या भिंतीकडे, आणि त्यांची तोंडं वर, म्हणजे ओढताना कापलं जाईल. ढकलताना कापायला गेलात तर सुटं पातं वाकतं आणि मोडतं.

तुमच्या बेसिनला ओव्हरफ्लो आहे, म्हणजे कपलिंग हाफ थ्रेडचं (फक्त खालच्या भागात आटे असलेलं) असणार. त्याच्या नळीला अंगातच चौकोनी खिडक्या असतात, ओव्हरफ्लोचं पाणी आत यावं म्हणून. बॅटरी लावून त्या शोधा. एका खिडकीच्या डाव्या कडेपासून सरळ खाली, नळीच्या शेवटापर्यंत एक चीर घ्या. तशीच उजव्या कडेपासून दुसरी. वरचा भाग खिडकीने आधीच मोकळा केलेला आहे, त्यामुळे कापायचं अंतर निम्म्यावर येतं. दोन चिरांमधली पट्टी खालच्या टोकाला नोज प्लायरने धरून आत वाकवा आणि मोडून काढा. मग नळी तिथे दबते, व्यास कमी होतो आणि नटाची पकड सुटते. उरलेली नळी प्लायरने आत चेपत नट खाली ओढून घ्या, जाळीची वरची चकती वर उचला.

सगळ्यात महत्त्वाचं: भुग्याकडे लक्ष. पिवळा-तांबूस भुगा म्हणजे पितळ कापलं जातंय. पांढरी पूड दिसली की थांबा, पातं सिमेंटला किंवा चिनी मातीला लागलंय. आवाजही बदलतो, करकर जाऊन काचेवर घासल्यासारखी किरकिर येते. नटाच्या उंचीवर पातं नटाच्या आतल्या आट्यांत थोडं गेलं तरी चालतं, त्याच्या वरच्या भागात मात्र हात हलका ठेवा. एका चिरेला १० ते १५ मिनिटं लागतात. घाई नको.

मिस्त्री_साईटवाले
पद्धत बरोबर आहे, पण एवढा वेळ साईटवर कोणी देत नाही. ४ इंची ग्राइंडरला १ मिमीची कटिंग चकती लावून खालून नटाला तिरका काप द्यायचा, नटाची जाडी थोडी शिल्लक ठेवायची आणि कापात जाड पेचकस घालून पिळायचं. नट फाकतो. दोन मिनिटांचं काम.

चिनीमाती
मिस्त्रीदादा, तुमचा हात बसलेला आहे म्हणून ते जमतं. घरी पहिल्यांदा करणाऱ्याला मी ग्राइंडर सांगणार नाही. बेसिनखाली जागा नसते, मान वर करून काम करावं लागतं आणि ठिणग्या तोंडावर येतात. चकती बेसिनच्या पोटाला निसटती लागली तरी कपचा उडतो. शिवाय नट तापतो आणि त्याला चिकटलेली माती एका बाजूने तापते.

मिस्त्री_साईटवाले
मान्य. करायचंच असेल तर हे पाळा: चकतीवरचं संरक्षक कव्हर काढायचं नाही, पूर्ण गॉगल घालायचा, नुसता चष्मा पुरत नाही. एका वेळी दोन-तीन सेकंदच टेकवायचं आणि नट हाताला कोमट वाटेपर्यंत थांबायचं. बेसिनच्या पोटाला जाड पुठ्ठा लावायचा. ओलं फडकं नको, हातात विजेचं हत्यार आहे. ट्रॅप प्लास्टिकचा असेल तर आधी बाजूला ठेवायचा, ठिणगीने भोक पडतं.

नट प्लास्टिकचा असेल तर यातलं काहीच लागत नाही. पात्याने दोन ठिकाणी काप द्या, पेचकसाने फोडा, झालं.

गृहिणी_लातूर
याच धाग्यात विचारते. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या सिंकची मोठी जाळी काढायची आहे. मधोमध एकच स्क्रू आहे, तो फिरत नाही, खाच झिजली आहे. पाणी बोअरचं, जाळीवर पांढरा थर जाड आहे. बाथरूम साफ करायचं ॲसिड टाकलं तर सुटेल का?

पानापक्कड
ताई, ॲसिड अजिबात नको. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला टोचे पाडतं. काळे ठिपके पडतात आणि पुढे तिथून भोक. घरात ब्लीचिंगचं द्रावण वापरलेलं असेल आणि त्यावर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो बंद स्वयंपाकघरात जिवावर बेतू शकतो.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर म्हणजे मुख्यतः चुना. त्याला लिंबूसत्त्व पुरतं. एक कप कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवा, त्यात कापड भिजवून स्क्रूवर दोन तास ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. थर जाड असेल तर पुन्हा एकदा. खाच नीट दिसली की तिच्यात पुरेपूर बसणारा मोठा पेचकस घ्या, त्याच्या मुठीवर हातोडीचे दोन हलके ठोके द्या आणि आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा. कटकन आवाज आला की उलट फिरवा. बसलेला आटा बहुतेक वेळा आवळताना मोकळा होतो.

खाच पूर्ण गेली असेल तर स्क्रूचं डोकं उडवायचं. मधोमध सेंटर पंचने खूण करा, आधी ३ मिमी, मग स्क्रूच्या दांड्याहून किंचित मोठं ड्रिल. साधारण ६ मिमीचा स्क्रू असतो, त्याला ६.५ चालतं. वेग कमी, दाब जास्त. स्टेनलेसवर ड्रिल जोरात फिरवलं तर ते कापत नाही, घासून तापतं आणि पृष्ठभाग आणखी कडक होतो. डोकं सुटलं की वरची जाळी वर येते आणि खालची वाटी खाली पडते. ती पडायच्या आधी खाली बादली हवी.

अटलांटिकपार
न्यू जर्सीतल्या घरांत स्टील सिंकला साडेतीन इंची जाळी असते, मधला स्क्रू नसतो, खाली मोठा पातळ नट असतो आणि त्याला बाहेरून कान असतात. त्याच्यासाठी स्पड रेंच म्हणून वेगळा पाना मिळतो. तो नसेल तर कानाच्या कडेला जाड पेचकस टेकवून हातोडीने आडवे, छोटे ठोके देत नट फिरवतात. स्टीलचा पत्रा ठोके सोसतो म्हणून हे चालतं. चिनी मातीच्या बेसिनवर हा प्रकार करू नये.

तिकडे जाळीखाली प्लंबर पुट्टी लावतात. ती वर्षानुवर्षं वाळली की दगडासारखी होते, नट निघाल्यावरही जाळी हलत नाही. अशा वेळी खालून लाकडाचा ठोकळा लावून हलकेच वर ठोकायचं. वरून पेचकस घालून उचकटलं तर पत्र्याची कड वाकते आणि नवी जाळी तिथे कधीच नीट बसत नाही.

मिस्त्री_साईटवाले
स्टील सिंकजवळ लोखंड कापत असाल तर सिंक झाका. ग्राइंडरच्या ठिणग्यांतले लोखंडाचे कण पत्र्यावर चिकटतात आणि दोन दिवसांत तिथे तांबेरे दिसतात. लोक म्हणतात स्टील खराब निघालं. स्टील ठीक असतं, कण गंजलेले असतात.

जुनीचाळ
कडप्प्याच्या जुन्या सिंकला पितळी कपलिंग थेट सिमेंटमध्ये गाडलेलं असतं, खाली नटच नसतो. तिथे काय?

मिस्त्री_साईटवाले
आतून तीन चिरा घ्यायच्या, साधारण सारख्या अंतरावर, आणि एकेक फाळका आत दुमडून काढायचा. छिन्नीची धार नेहमी भोकाच्या मध्याकडे. दगडाच्या दिशेने ठोकलं की कडप्प्याचा पापुद्रा सुटतो. मागे राहिलेलं सिमेंट पूर्ण काढायच्या मागे लागू नका, नवं कपलिंग सैल उतरेल एवढंच घासा.

आणि जुन्या इमारतीत सिंकखाली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप असेल तर तो पाईप पान्याने पिळू नका. तो खरा गंजलेला असतो, भिंतीतला सांधा आत तुटतो आणि गळती खालच्या मजल्यावर दिसते. भिंतीपासून ३-४ इंच सोडून हॅकसॉने कापा, उरलेल्या तुकड्यावर रबरी अडॅप्टर चढवून पुढे पीव्हीसी जोडा.

रेवा_ठाणे
पानापक्कड, तुमच्या पद्धतीने कपलिंग निघालं. भोक ४५ मिमी भरलं, एका बाजूला पांढरं सिमेंट चिकटून आहे. नवं घ्यायला गेलं तर दुकानदार विचारतो हाफ थ्रेड की फुल थ्रेड. आणि प्लंबर म्हणतो पुन्हा पांढरं सिमेंटच भरा.

पानापक्कड
हाफ थ्रेड, ३२ मिमी. ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनला फुल थ्रेड लावलं तर ओव्हरफ्लोच्या पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही. ते पोकळीत साचून वास येतो आणि नळ चालू राहिला तर बेसिन भरून वाहतं. उलट, ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनला हाफ थ्रेड लावलं तर खिडक्यांतून पाणी नळी आणि मातीच्या मधल्या फटीत उतरतं आणि सगळी भिस्त खालच्या वॉशरवर येते.

सिमेंट काढायला छिन्नी नको. कापड भिजवून ठेवा, मग प्लास्टिकच्या खरवडणीने, शेवटी दाढीच्या पात्याने आडवं घासा. वॉशर जिथे बसतो तो घेर गुळगुळीत लागला पाहिजे. नखाला खडबड लागली तर पाण्यालाही वाट मिळते.

पांढऱ्या सिमेंटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: चिनी मातीच्या बेसिनला ते नको. सिमेंट लवचिक नसतं. ट्रॅपला धक्का लागला, गरम पाणी पडलं की पितळ सरकतं आणि सिमेंटला केसाएवढी फट पडते. तीच फट पुढे क्षारांनी भरते, आणि तुमचा नट बसला तो असाच.

मिस्त्री_साईटवाले
कडप्पा आणि मोझॅकच्या सिंकला मात्र सिमेंट लागतं. तिथे भोक हाताने पाडलेलं असतं, गोल नसतं, कड समपातळीत नसते. रबरी वॉशर तिथे बसत नाही.

पानापक्कड
तिथे हरकत नाही, दादा. मी फक्त चिनी माती आणि स्टीलबद्दल बोलतोय.

रेवाताई, बसवण्याचा क्रम असा. जाळीच्या चकतीखाली पातळ रबरी वॉशर, किंवा सिलिकॉनची एक सलग रेघ. सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, ते पितळेला खातं. कपलिंग वरून उतरवताना खिडकी ओव्हरफ्लोच्या तोंडासमोर आणा आणि तिथे सिलिकॉन जाऊ देऊ नका. खालून आधी जाड रबरी वॉशर, निमुळता असेल तर निमुळती बाजू वर, भोकात शिरेल अशी. मग प्लास्टिकची सपाट चकती, मग नट. ती चकती विसरू नका. ती नसेल तर नट फिरताना रबराला बरोबर ओढतो, रबर मुरडतं आणि तिथून पाणी येतं. रबर बसतं त्या जागी आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे घ्या, कारण पाणी आट्यांच्या खाचेतून गोल गोल खाली उतरतं.

नट हाताने पूर्ण आवळा, नंतर पान्याने पाव ते अर्धा फेरा. या आट्यांना एका फेऱ्यात नट साधारण २.३ मिमी वर चढतो, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात रबर एक मिमीहून जास्त दबतं. तेवढं भरपूर झालं. आवळताना वरून कोणीतरी जाळी धरावी, नाहीतर खिडकी ओव्हरफ्लोपासून सरकते.

सिलिकॉन वापरलं असेल तर २४ तास पाणी सोडू नका. मग बुच लावून बेसिन ओव्हरफ्लोच्या वर भरा, पाच मिनिटं ओव्हरफ्लोमधून वाहू द्या आणि बुच एकदम काढा. नटाभोवती कोरडा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून ठेवा. १५ मिनिटांनी बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. हाताला न जाणवणारा ओलावा कागदावर डाग होऊन दिसतो.

रेवा_ठाणे
नटाभोवतीचा कागद सकाळीही कोरडा. पण बॉटल ट्रॅप जिथे कपलिंगला जोडला आहे तिथे, नटाच्या दोन बोटं खाली, कागदावर छोटा डाग आहे.

चिनीमाती
ट्रॅपच्या वरच्या सांध्यातला वॉशर सपाट आहे की निमुळता, आणि तो कसा बसलाय ते बघा.

रेवा_ठाणे
सपाट आहे, जुन्या ट्रॅपचाच. मधे एक वळ उमटलाय.

पानापक्कड
तो वळ जुन्या कपलिंगच्या कडेचा. नवी कड त्याच वळावर तंतोतंत बसत नाही. नवा ३२ मिमीचा वॉशर घाला आणि हातानेच आवळा, तिथे पान्याची गरज नाही. वॉशर आणेपर्यंत जुनाच उलटा करून बसवला तरी काम चालेल.